फुटली, फोडली आणि हातून फुटली

कॉन्व्हेंट शाळेत पहिल्या आठवड्यात जे चार-पाच शब्द पाठ होतात, त्यात 'सॉरी'चा नंबर बराच वरचा असतो. कोणाच्या पायावर पाय पडला, सॉरी. कोणाच्या वहीवर पाणी सांडलं, सॉरी. टीचर वर्गात आल्या तेव्हा बडबड चालली होती, सगळ्या वर्गाने एका सुरात सॉरी! शब्द छान आहे, छोटा आहे, पटकन तोंडात येतो. पण शेजाऱ्यांची झाडं मोडली तर हा शब्द एकटा पुरत नाही, असं माझं ठाम मत झालंय. त्या कामासाठी लागणारं वाक्य आपल्या मराठीत कधीचं तयार आहे, आपण ते वापरत नाही एवढंच!

कसं ते सांगते. इंग्लिशमध्ये कुंडी 'ब्रोक' होते आणि मी कुंडी 'ब्रोक' करते, दोन्हीकडे शब्द एकच. मराठीत तसं नाही. कुंडी फुटते, पण मी कुंडी फोडते. फांदी तुटते, पण मी तोडते. पडणं-पाडणं, मरणं-मारणं... आपल्याकडे अशा जोड्याच आहेत. 'कुंडी फुटली' म्हटलं की वाटतं बिचारी आपली आपणच फुटली, त्यात कोणाचा काही संबंध नाही. 'कुंडी फोडली' म्हटलं की कोणीतरी दात-ओठ खाऊन फोडली. आणि या दोघींच्या मधे एक तिसरं वाक्य आहे: 'कुंडी माझ्या हातून फुटली.' म्हणजे मी मुद्दाम केलं नाही, पण हात माझाच होता. एका ओळीत दोन्ही गोष्टी आल्या. मित्रांनो, शेजारपाजारची निम्मी भांडणं या तिसऱ्या वाक्याशिवाय होतात, असं मला वाटतं.

आता तुम्ही म्हणाल, इंजिनिअरिंग कॉलेजच्या मॅगझिनमध्ये कुंड्या कुठून आल्या? तर आपल्यापैकी कितीतरी जण आजूबाजूच्या सोसायट्यांमध्ये तिघं-चौघं मिळून भाड्याने राहतात. आणि प्रत्येक सोसायटीत तळमजल्यावर एक काकू असतात, ज्यांच्या खिडकीखाली पार्किंगच्या कडेने कुंड्यांची रांग असते. एका बाजूला कुंड्या, दुसऱ्या बाजूला आपल्या बाईक्स. हे दोन्ही एकमेकांना कधीतरी भेटणारच! आमच्या सोसायटीत गेल्या मार्चमध्ये भेटले.

झालं असं, की दुसऱ्या मजल्यावर राहणारी तीन मुलं (आपल्यासारखीच, थर्ड इयरची) रात्री अकराला परत आली. पार्किंगमधला एक पेव्हर ब्लॉक ढिला होता, त्यावर बाईकचं साईड स्टँड टेकवलं. मुलं लिफ्टपर्यंत पोचली नसतील, तोवर स्टँड खचलं आणि गाडी धाडकन कुंड्यांवर. चार कुंड्या गेल्या: तुळस, जास्वंद, गुलाब आणि अनंत. मुलांनी गाडी उचलली, मोबाईलच्या उजेडात बघितलं, आणि दुसऱ्या दिवशी पेपर असल्यामुळे 'सकाळी बघू' म्हणून वर गेली. सकाळी आठला ती कॉलेजला निघून गेली होती.

काकूंनी साडेसहाला दार उघडलं तेव्हा तुळस फरशीवर आडवी. पुढे काय झालं असेल ते सांगायला नको. फोटो सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आला. सेक्रेटरींनी सीसीटीव्ही बघितला. दुपारी एकला पेपर देऊन मुलं बाहेर आली तेव्हा ग्रुपवर ऐंशीच्या वर मेसेज! एका मुलाने घाईघाईने लिहिलं, 'गाडी स्टँडवरून सरकली आणि कुंड्या फुटल्या. सॉरी.' काकूंनी लिहिलं, 'फुटल्या नाहीत, फोडल्या. रात्री बघून निघून गेलात.'

बघा, सगळं भांडण या दोन क्रियापदांत आहे. मुलांनी 'फुटल्या' म्हणून स्वतःला वाक्यातूनच बाहेर काढलं. काकूंनी 'फोडल्या' म्हणून त्यांना नको तितकं आत ओढलं. दोन्ही वाक्यं खोटी नव्हती असं म्हणता येईल, पण दोन्ही खरीही नव्हती.

मग मुलांनी आपल्या मते समजूतदारपणा केला. पाकिटात हजार रुपये घालून वॉचमनबरोबर पाठवले. पाकीट पाच मिनिटांत परत आलं आणि काकू आधीपेक्षा जास्त चिडल्या. मुलं म्हणाली, 'नर्सरीत चार झाडं हजार रुपयांत आरामात येतात, मग प्रॉब्लेम काय आहे?'

प्रॉब्लेम युनिटचा आहे! आपण व्हायव्हात उत्तर बरोबर दिलं आणि युनिट चुकलं तर सर मार्क देतात का? झाडाचं नुकसान रुपयांत मोजलं तर ते हजारच्या आत बसतं. पण झाडाचं खरं युनिट वर्ष आहे. तो अनंत काकूंच्या आईने लांज्याला स्वतःच्या हाताने फांदी लावून वाढवला होता आणि अकरा वर्षांपूर्वी काकू तो एसटीने मांडीवर धरून पुण्याला घेऊन आल्या होत्या. आई आता नाही. नर्सरीतला अनंत अनंतच असतो, फुलाचा वासही तोच. पण त्यात ही अकरा वर्षं नसतात, ती कुठल्याच पाकिटात मावत नाहीत. म्हणून कॅश आधी पुढे केली की समोरच्याला वाटतं, यांना माझं काय गेलं ते कळलेलंच नाही.

मग पैसे द्यायचेच नाहीत का? द्यायचे, पण दुसऱ्या नंबरवर. आणि विचारून. झाडाची भरपाई मुख्यतः वेळात करायची असते, कारण त्यात मुख्यतः वेळच गेलेला असतो.

वेळेचा दुसरा मुद्दा याहून महत्त्वाचा आहे. गाडीच्या इंडिकेटरची काच फुटली तर आज सांगा नाहीतर चार दिवसांनी, काच तेवढीच फुटलेली असते. झाडाचं तसं नसतं. कुंडी फुटून मुळं उघडी पडली की पहिले काही तासच हातात असतात. बारीक मुळं हवेवर आणि उन्हात फार लवकर सुकतात, आणि पाणी ओढायचं काम तीच करतात. त्याच रात्री मुळांवर ओलं पोतं टाकलं असतं, मातीचा गोळा तसाच उचलून बादलीत ठेवला असता, सावलीत नेला असता, तरी बरंच काही वाचलं असतं. दुसऱ्या कुंडीत लावल्यावर वरच्या काही फांद्या छाटायच्या असतात, कारण मुळं तुटलेली असताना सगळ्या पानांना पाणी पुरत नाही. इलेक्ट्रिकलवाल्यांच्या भाषेत सांगायचं तर सप्लाय कमी झालाय, मग लोड शेडिंग करा! महाराष्ट्रातल्या माणसाला हे वेगळं समजवायला नको.

आणि सगळंच मेलं असं समजायचीही घाई करू नये. जास्वंदीची पेन्सिलएवढी जाड फांदी पावसाळ्यात खोचली तरी बहुतेक वेळा धरते. तुळशीच्या वाळलेल्या मंजिऱ्या चुरून टाकल्या तर आठवड्या-दोन आठवड्यांत रोपं वर येतात. गुलाब मोडला तर आधी कुठे मोडला ते बघायचं. नर्सरीतला गुलाब बहुधा जंगली गुलाबाच्या खुंटावर डोळा भरून केलेला असतो. तो जोड खोडाच्या तळाशी गाठीसारखा दिसतो. गाठीच्या वर मोडला असेल तर चांगल्या गुलाबाला पुन्हा फूट येऊ शकते. गाठीखाली मोडला तर येते ती जंगली फूट, आपला गुलाब गेला. म्हणजे त्याच रात्री काकूंची बेल वाजवली असती तर फक्त माफी मागून झाली नसती, झाडंही वाचली असती. रात्री अकराला बेल वाजवायला लाज वाटते हे खरं. पण सकाळी सहाला तरी वाजवता येते!

इकडे ग्रुपवर एका काकांनी लिहिलं, 'सरळ पोलीस कंप्लेंट करा.' हे वाचून तिन्ही मुलांची झोप उडाली, म्हणून यातली कायद्याची बाजूही सांगून टाकते. 1 जुलै 2024 पासून भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली. मालमत्तेची नासधूस करण्याचा गुन्हा तिच्या 324व्या कलमात आहे. पण त्यासाठी नुकसान करायचा हेतू असावा लागतो, किंवा आपल्या कृत्याने नुकसान होण्याची शक्यता आहे हे माहीत असावं लागतं. स्टँड खचून गाडी पडणं त्यात बसत नाही. कायद्यालासुद्धा 'फोडली' आणि 'हातून फुटली' यांतला फरक कळतो! याचा अर्थ मुलं सुटली असा नाही. निष्काळजीपणामुळे दुसऱ्याचं नुकसान झालं तर दिवाणी दावा लावून भरपाई मागता येते. पण चार कुंड्यांसाठी दिवाणी दावा कोण लावणार? शिवाय मधल्या काळात रोज एकाच जिन्यातून जायचं-यायचं आहेच.

म्हणून कायद्यानेच मिटवण्याच्या वाटा ठेवल्या आहेत. 1987च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याखाली लोकअदालत भरते. कोर्टात न गेलेला वादही तिच्यासमोर नेता येतो आणि तिथे झालेल्या तडजोडीला दिवाणी कोर्टाच्या हुकूमनाम्याइतकी किंमत असते. 2023 साली संसदेने मध्यस्थीचा कायदा केला, त्यात तर एखाद्या वस्तीतल्या रहिवाशांची शांतता बिघडवणाऱ्या वादांसाठी वेगळं प्रकरणच आहे. आणि आपल्या राज्यात 15 ऑगस्ट 2007 पासून महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली. गावातले तंटे गावातच, समितीसमोर बसून, सामोपचाराने मिटवायचे ही तिची कल्पना.

आमच्या सोसायटीत अशी समिती नाही. आमच्याकडे व्हॉट्सॲप ग्रुप आहे! आणि ग्रुप म्हणजे पंच नव्हे, ग्रुप म्हणजे प्रेक्षक. पंचांना मॅच संपवायची असते, प्रेक्षकांना नसते. तिसऱ्या दिवशी विषय कुंड्यांवरून 'बॅचलर्सना जागा द्यावी का' इथपर्यंत गेला. अंगठे पडायला लागले. फ्लॅटच्या मालकांचा मुलांना फोन आला की महिनाअखेर जागा सोडा. सेमिस्टर ऐन मध्यावर, सबमिशन तोंडावर, आणि डिपॉझिट कधी परत मिळेल देव जाणे. चार कुंड्यांवरून तीन मुलांचं डोक्यावरचं छप्पर जायची वेळ आली. म्हणून मला हा विषय किरकोळ वाटत नाही.

चौथ्या दिवशी संध्याकाळी माझी आजी उठली. तिचा मोबाईल साधा, बटणांचा, त्यामुळे ती ग्रुपवर नाही. ती दुसऱ्या मजल्यावर गेली, तिन्ही मुलांना म्हणाली, 'चला रे, काकूंकडे जायचंय. पाकीट इथेच ठेवा.' मला म्हणाली, 'तूही चल, जिना उतरताना हात दे.' काकूंनी दार उघडलं, मुलांना बघून चेहरा घट्ट केला. आजी म्हणाली, 'अगं, मला बसू तर दे.' आजीला बसवायचं म्हणजे सगळ्यांना आत घेणं आलंच.

दोन मिनिटं कोणी काही बोललं नाही. मग त्यातला एक जण म्हणाला, 'काकू, गाडी आमच्या हातून पडली. रात्री आम्ही बघितलं होतं आणि तरी वर निघून गेलो. ते चुकलं आमचं.' त्यात 'पण' नव्हता. 'पण ब्लॉक ढिला होता' हे खरं होतं, तरी तो ते बोलला नाही. काकू थोडा वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, 'पेपर कसा गेला?'

'बरा गेला.'

'मग आता चहा घ्या.'

यानंतर आजीने काकूंना एकच प्रश्न विचारला, 'तुला काय हवंय ते यांना सांग. यांना कळत नाहीये.' हा प्रश्न चार दिवसांत आणि शंभरेक मेसेजेसमध्ये कोणीही विचारला नव्हता! काकूंना पैसे नको होते. त्यांना झाडं वाचवायला कोणाचे तरी हात हवे होते, कारण गुडघ्यांमुळे त्यांना खाली बसून माती भरता येत नाही. आणि मे महिन्यात त्या लांज्याला जातात तेव्हा कुंड्यांना पाणी कोण घालणार ही काळजी त्यांना दर वर्षीच असते.

काकूंच्या बाजूचंही एक सांगायला हवं. कुंड्यांची रांग पार्किंगच्या रेषेच्या फूटभर आत आली होती. हे सगळ्यांना दिसत होतं, पण रागाच्या भरात कोणी बोललं असतं तर ती आगीत तेलाची धार झाली असती. चहा संपल्यावर आजी सहज म्हणाली, 'अगं, लोखंडी स्टँड करून कुंड्या भिंतीला लावल्या तर तुला वाकावंही लागणार नाही.' काकू हो म्हणाल्या. झाडं ज्याची मोडतात त्याचं सगळंच बरोबर असतं असं नाही. पण त्याला ते सांगायची वेळ माफीच्या आधीची नसते, नंतरची असते.

त्या रविवारी मुलांनी नव्या कुंड्या आणल्या (त्याचे पैसे त्यांनी दिले आणि काकूंनी ते चालू दिलं), माती-शेणखत भरलं, पेव्हर ब्लॉक नीट बसवला आणि बाईकचं चाक पुढे जाऊ नये म्हणून सिमेंटचा छोटा कठडा केला. मे महिन्यात आळीपाळीने पाणी घातलं, पाळीपत्रक फ्रिजवर लावून. फ्लॅटच्या मालकांना काकूंनीच फोन केला, 'राहू देत पोरांना.'

सगळं गोड झालं का? नाही. गुलाब गाठीच्या वर मोडला होता, तो फुटला. जास्वंदीच्या काड्या पावसाळ्यात लावल्या, त्यातल्या तीन धरल्या. तुळस बियांपासून आली. अनंत मात्र गेला. त्याची मुळं त्या सकाळी चार-पाच तास उन्हात पडली होती. मरायच्या आधी त्याला थोडी फूट आली होती, त्याच्या पाच काड्या जुलैत लावल्या. त्यातली एक जगली. चार पानांची आहे, फूल यायला दोन-तीन वर्षं तरी लागतील. तोपर्यंत ही मुलं पास होऊन कुठल्या कुठे गेलेली असतील. म्हणून म्हणते, माफीने सगळं परत येत नाही. पण माफी मागायला उशीर केला की परत येऊ शकणारंही येत नाही.

काही जण म्हणतील, एवढं कशाला, दोन झाडांसाठी? शहरात कोणाला वेळ आहे? मला उलट वाटतं. गावात शेजाऱ्याशी पिढ्यानपिढ्यांची ओळख असते, एक भांडण पचवायची ताकद त्यात असते. शहरात भाड्याच्या घरात आपली ओळख म्हणजे 'सेकंड फ्लोअरवाले बॅचलर्स' एवढीच. पहिल्याच धक्क्याला ती तुटते. ज्यांची ओळख कमी, त्यांनी बेल लवकर वाजवायला हवी.

तर आपल्या जर्नलच्या पद्धतीने प्रोसिजर लिहायची तर अशी: आधी झाड बघा, मुळं झाका, सावलीत ठेवा. मग त्याच दिवशी, स्वतः, दारात जाऊन सांगा. ग्रुपवर नाही, वॉचमनबरोबर नाही. वाक्यात स्वतःला ठेवा आणि 'पण' काढून टाका. 'तुम्हाला काय हवंय?' असं विचारा आणि उत्तर येईपर्यंत थांबा. पैसे नंतर. आणि परत तसं होऊ नये म्हणून काय करणार ते करून दाखवा, शेवटी इंजिनिअर होणार आहोत आपण! आणि ज्यांच्या कुंड्या मोडल्या त्यांच्यासाठी एकच ओळ: 'मुद्दाम' हा शब्द खात्री असल्याशिवाय वापरू नका. तो एकदा बाहेर पडला की समोरचा माफी मागायचं सोडून स्वतःला वाचवायला लागतो.

मराठीत जशी फुटणं-फोडणं ही जोडी आहे, तशी आणखी एक आहे: मिटणं आणि मिटवणं. कुंडी आपोआप फुटली असं एखाद्या वेळी होऊ शकतं. वाद मात्र आपोआप मिटत नाही, तो मिटवावाच लागतो. बघा, पटतंय का!